मुलुख बदलले, विद्या तीच
प्लेगची लस शोधणारे वॉल्डेमार हाफकिन

आपल्याकडच्या जुन्या मराठी घरांतून काळ मोजण्याची एक वेगळीच रीत होती. अमक्याचा जन्म प्लेगच्या आदल्या साली झाला, तमकीचे लग्न प्लेगच्या वर्षी माळावरच्या झोपडीत लागले, असे वडीलधारी माणसे सांगत. गल्लीत उंदीर पडू लागले, की घराला कुलूप घालायचे आणि सगळे बिऱ्हाड गावाबाहेर न्यायचे. काखेत किंवा जांघेत गाठ दिसली, की घरच्यांनी आशा सोडायची. त्या दिवसांच्या गोष्टी निघाल्या म्हणजे एक शब्द हटकून येई, तो म्हणजे टोचून घेणे. कोणी टोचून घेतले आणि वाचले, कोणी भीतीने घेतले नाही, तर कोणाला टोचल्यावर दोन दिवस फणफणून ताप आला, अशा हकिकती पुष्कळ घरांत आहेत. मात्र ज्याने ती लस तयार केली त्या माणसाची हकिकत फारच थोड्यांना ठाऊक असते.

तो माणूस इंग्रज नव्हता आणि रूढ अर्थाने डॉक्टरही नव्हता. काळ्या समुद्राकाठच्या एका रशियन बंदरात जन्मलेला तो ज्यू प्राणिशास्त्रज्ञ होता. स्वतःच्या देशात त्याला जागा मिळाली नाही, म्हणून तो स्वित्झर्लंडला गेला, तेथून फ्रान्सला आणि फ्रान्सहून हिंदुस्थानात आला. देश बदलला, भाषा बदलली, धनी बदलले, परंतु सूक्ष्मदर्शकासमोरची त्याची बैठक मोडली नाही. त्याच्या लशीची एक मोठी परीक्षा गायकवाडांच्या मुलखात, बडोद्याजवळच्या एका खेड्यात झाली. त्यामुळे या चरित्राशी आपल्या शहराचेही थोडे नाते आहे.

ओडेसाचा विद्यार्थी

वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. शालेय शिक्षण बेर्द्यान्स्क या लहानशा बंदरात झाले आणि १८७९ साली ते ओडेसाच्या विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना इल्या मेचनिकॉव्ह हे गुरू भेटले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात हा सिद्धांत मांडून पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे ते हेच मेचनिकॉव्ह. अशा गुरूच्या हाताखाली हाफकिन सूक्ष्म जीवांच्या अभ्यासाला लागले आणि ती त्यांची जन्माची विद्या ठरली.

काळ मात्र अभ्यासाला अनुकूल नव्हता. १८८१ साली झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला आणि त्याचा राग दक्षिण रशियातील ज्यू वस्त्यांवर निघाला. घरे लुटली गेली, माणसे मारली गेली. ओडेसातील ज्यू तरुणांनी आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी पथक उभारले, त्यात हाफकिन होते. त्या धामधुमीत ते जखमी झाले आणि पकडलेही गेले. मेचनिकॉव्ह यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली म्हणून त्यांची सुटका झाली. झारशाहीविरुद्धच्या गुप्त चळवळीशीही त्यांचा काही काळ संबंध होता. तिने दहशतीचा मार्ग धरला तसे ते तिच्यातून दूर झाले, परंतु पोलिसांच्या वहीत गेलेले नाव सहजासहजी पुसले जात नाही. विद्यापीठातूनही त्यांना एकदा काढून टाकण्यात आले होते.

पुढे पदवी मिळाली आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात संशोधनाचे काम मिळाले. प्राध्यापकाच्या जागेसाठी मात्र एक अट आडवी आली. ज्यू धर्म सोडून रशियन ऑर्थोडॉक्स पंथाचा बाप्तिस्मा घ्यायचा, म्हणजे वाट मोकळी. त्या काळात कित्येकांनी तो मार्ग पत्करला. हाफकिन यांनी नकार दिला. ते तेव्हा फारसे धर्माचरणी होते असेही नाही, पण नोकरीसाठी पूर्वजांचे नाव टाकून देणे त्यांना मानवले नाही. मेचनिकॉव्ह १८८२ मध्येच विद्यापीठातून बाहेर पडले होते. १८८८ साली हाफकिन यांनीही देश सोडला.

ग्रंथालयातली पायरी

पहिला मुक्काम जिनीव्हा. तेथे मोरित्झ शिफ या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकवण्याचे काम मिळाले. पण हाफकिन यांचे लक्ष पॅरिसकडे होते. तेथे १८८८ च्या नोव्हेंबरात लुई पाश्चर यांची संस्था उघडली होती आणि मेचनिकॉव्ह तिच्यात दाखल झाले होते. जंतुशास्त्राचे ते त्या काळचे काशीक्षेत्रच होते. १८८९ मध्ये हाफकिन तेथे पोचले. संशोधकाची जागा काही रिकामी नव्हती. होती ती फक्त साहाय्यक ग्रंथपालाची.

तिशीला आलेल्या, पदवी मिळवलेल्या आणि निबंध प्रसिद्ध झालेल्या माणसाने पुस्तकांच्या कपाटांची राखण करावी, यात कोणाला कमीपणा वाटला असता. हाफकिन यांनी ती जागा मुकाट्याने घेतली. काम संपले की उरलेला वेळ प्रयोगशाळेच्या बाकावर जाई आणि करमणूक म्हणजे व्हायोलिन. वर्षभरात संस्थेचे प्रमुख संशोधक एमील रू यांच्या हाताखाली त्यांना जागा मिळाली. परमुलखात नव्याने सुरुवात करणाऱ्याला मागच्या पायऱ्या कोणी मोजून देत नाही, खालच्या पायरीपासून पुन्हा चढावे लागते, हा धडा त्यांना पॅरिसला मिळाला. तो पुढे आणखी दोनदा गिरवावा लागणार होता.

त्या वर्षांत युरोपात पटकीचा धुमाकूळ होता. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात नक्की ओळखला होता. स्पेनमध्ये फेरान या डॉक्टराने १८८५ मध्ये तिच्यावर लस टोचून पाहिली होती, पण तिच्याविषयी फार वाद माजला. हाफकिन यांनी तोच प्रश्न हाती घेतला. एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या पोटातून तिसऱ्याच्या, असा त्यांनी जंतूंचा प्रवास घडवला. प्रत्येक फेरीगणिक जंतू अधिक जहाल होत गेले. दुसरीकडे तेच जंतू उष्णतेत आणि खेळत्या हवेत वाढवून त्यांनी सौम्य केले. आधी सौम्य जंतू टोचायचे आणि काही दिवसांनी जहाल, अशी दोन टप्प्यांची ती लस होती.

जनावरांवर ती गुणकारी ठरली. माणसाला ती सोसेल का, हे पाहणे उरले. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि दोन-तीन दिवसांत सर्व पूर्ववत झाले. सहा दिवसांनी दुसरा टप्पाही त्यांनी घेतला. त्यांच्यामागोमाग पॅरिसमधले काही रशियन मित्रही पुढे झाले. ज्या देशाने त्यांना जागा नाकारली होती, तेथेच त्या साली पटकीने माणसे हजारोंनी मरत होती. हाफकिन यांनी आपली लस प्रथम रशियाला देऊ केली. रशियाने ती घेतली नाही.

कलकत्त्याच्या वस्त्यांत

प्रथम त्यांचा बेत सयामला जाण्याचा होता. तो बदलला तो लॉर्ड डफरिन यांच्यामुळे. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय असलेले डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिश वकील होते. पटकीचे खरे घर बंगालमध्ये आहे, तेव्हा लशीची कसोटी तेथेच व्हावी, असे त्यांनी सुचवले आणि वाट मोकळी करून दिली. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले.

येथे पुन्हा खालची पायरी. सरकारी वैद्यकखात्यातले अधिकारी सैनिकी शिस्तीचे आणि इंग्रजी वैद्यक पदव्यांचे. हा गृहस्थ वैद्यकाची पदवी नसलेला, उच्चाराने परका आणि वर रशियाचा प्रजाजन. वायव्य सरहद्दीवर रशियाचे भय दाखवले जाण्याचा तो जमाना. हा झारचा हेर तर नसेल, अशीही कुजबुज झाली. लोकांच्या बाजूनेही संशय कमी नव्हता. गोऱ्या माणसाने सुई घेऊन वस्तीत यावे, यात काही तरी काळेबेरे असणार, असे गोरगरिबांना वाटले तर नवल नाही.

उत्तर भारतात आग्र्यापासून टोचणीचा आरंभ झाला. पहिल्या दोन-अडीच वर्षांत चाळीस हजारांहून अधिक माणसांना लस टोचली गेली. यात लष्करातले शिपाई होते, तुरुंगातले कैदी होते आणि आसामच्या चहामळ्यांतले मजूरही. पण खरी कसोटी कलकत्त्याच्या बस्त्यांत लागली. १८९४ च्या मार्चमध्ये एका वस्तीतल्या तळ्याच्या पाण्यातून पटकी पसरली. हाफकिन चौधरी, घोष, चतर्जी आणि दत्त या बंगाली डॉक्टरांना बरोबर घेऊन तेथे गेले. वस्तीतल्या सुमारे दोनशे माणसांपैकी एकशे सोळा जणांनी टोचून घेतले. पुढे त्या वस्तीत पटकी पुन्हा आली, तेव्हा न टोचलेल्यांनाच तिची बाधा झाली. हा ताळा पाहून नगरपालिकेने त्यांच्या कामासाठी पैसा मंजूर केला.

हाफकिन यांची रीत येथे ठरून गेली. पहिली गोष्ट, सक्ती करायची नाही. दुसरी, जेथे रोग आहे अशा एकाच घरात, एकाच अन्नपाण्यावर राहणाऱ्यांपैकी काहींना टोचायचे आणि पुढे दोघांचीही नोंद ठेवायची. औषध गुणकारी आहे हे सांगण्यासाठी रोगी बरा झाला एवढे पुरत नाही, औषध न घेतलेल्याचे काय झाले हेही शेजारी मांडावे लागते. हा हिशेब त्या काळी फार थोड्यांना सुचला होता. या वणवणीत हाफकिन यांना हिवतापाने गाठले आणि १८९५ साली त्यांना युरोपात परतावे लागले. पुढल्या वर्षी प्रकृती सावरताच ते पुन्हा हजर झाले.

मुंबईतले तीन महिने

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. मोठमोठ्या अधिकाऱ्यांना ते प्रथम पटेना. थोड्याच दिवसांत शहर ओस पडू लागले, गिरण्यांचे मजूर कोकणाकडे आणि घाटावर निघाले. सरकारने कलकत्त्याहून हाफकिन यांना बोलावले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते मुंबईत दाखल झाले.

ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना मिळालेली प्रयोगशाळा म्हणजे एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये येर्सिन आणि कितासातो यांनी शोधला होता. त्यावर कोणतीही लस अस्तित्वात नव्हती. तीन महिने रात्रीचा दिवस चालला. मदतनिसांपैकी एकाचे मन या ताणाखाली खचले, दोघे काम सोडून गेले. हाफकिन मात्र हलले नाहीत.

लशीची कृती आपल्या स्वयंपाकघराच्या फार जवळची आहे. चंबूत मांसरस घ्यायचा आणि त्याच्यावर साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत्या धाग्यांसारखे वाढतात. अशी वाढ दुसऱ्या कोणत्याच जंतूची होत नसल्यामुळे आपण वाढवतो आहोत तो प्लेगच, याची खूणही पटे. चंबू हलवला की धागे तळाशी पडत आणि तुपाखाली नवे धागे येत. असे काही आठवडे गेले की सगळा रस ठराविक उष्णतेवर तापवून जंतू मारायचे. पटकीच्या लशीत जंतू जिवंत होते, येथे ते मेलेले होते. मेलेल्या जंतूंचे विष शरीराला ओळख करून देई आणि शरीर लढायला सज्ज होई.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. मात्राही साधी नव्हती. पुढे लोकांना जी द्यायची ठरली तिच्या तिपटीहून ती अधिक होती. जोराचा ताप चढला, टोचल्या जागी असह्य वेदना झाल्या, पण काही दिवसांत ते बरे झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी सुमारे निम्मे स्वखुशीने टोचून घ्यायला पुढे झाले. त्यानंतरच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला आणि सहा दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना तो झाला आणि दोघेही वाचले.

ते वर्ष महाराष्ट्र विसरलेला नाही. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी पुण्यात देह ठेवला. घरझडत्या, रोग्यांना ओढून नेणे, देव्हाऱ्यापर्यंत शिरणारे सोल्जर यांनी लोक संतापले आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँड यांच्यावर गोळी झाडली. सरकारच्या नावाने जे येईल त्याचा लोकांना तिटकारा आला होता आणि त्यात लशीचीही भर पडली. अशा वेळी लस ऐच्छिकच असली पाहिजे, या मतावर हाफकिन ठाम राहिले. माणसांना कोंडून रोग आवरत नाही, त्यांचा विश्वास मिळवला तर आवरेल, असे त्यांच्या कामाचे सूत्र होते. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले आणि प्रयोगशाळेला माझगावचा आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. पोर्तुगीजांच्या दमणमध्येही १८९७ साली टोचणी झाली. तेथे टोचलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ दगावले. न टोचलेले ६,०३३ होते, त्यांतले १,४८२ गेले.

गायकवाडांच्या मुलखात

तरीही शंकेखोरांचे समाधान होत नव्हते. टोचून घेणारा मुळातच सावध, स्वच्छ राहणारा असतो, तो लशीने वाचला की स्वतःच्या शहाणपणाने, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न खोटा नव्हता. त्याचे उत्तर १८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंडेरा या गावी मिळाले. महाराज सयाजीरावांची ती अमदानी. हाफकिन आणि त्यांचे सहकारी बॅनरमन गावात गेले. घराघरांतली माणसे त्यांनी समोर बोलावली आणि वय, लिंग, प्रकृती पाहून प्रत्येक कुटुंबाचे शक्य तितके सारखे दोन भाग केले. एका भागाला टोचले, दुसऱ्याला तसेच ठेवले. अशा रीतीने गावातल्या ५१३ जणांना लस मिळाली.

काही आठवड्यांनी पुन्हा गावात जाऊन नोंद घेण्यात आली. अठ्ठावीस घरांत प्लेग शिरला होता. त्या घरांत न टोचलेली ६४ माणसे होती. त्यांतल्या २७ जणांना प्लेग झाला आणि २६ मेली. टोचलेली ७१ होती. त्यांतल्या आठांना झाला आणि तिघे गेले. घर तेच, अंगण तेच, चूलही तीच. फरक होता तो दंडावरच्या एका टोचणीचा.

हे आकडे वाचताना मन आनंदते आणि लगेच कचरतेही. लस अशी वाटली जात असताना एका घरातला एक भाऊ वाचला, दुसरा गेला, असे घडले असणारच. ज्ञानासाठी ती किंमत उंडेऱ्याच्या गावकऱ्यांनी मोजली. आजच्या नियमांनी असा प्रयोग त्याच रीतीने करू दिला जाणार नाही. परंतु लशीविषयीची खात्री ज्या घरांनी दिली, त्यांचे ऋण पुढच्या सगळ्यांवर आहे हे खरे. त्याच सालात हुबळीसारख्या शहरात लोक मोठ्या संख्येने टोचून घेऊ लागले. १८९९ च्या ऑगस्टमध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा थाटली गेली आणि व्हरांड्यात सुरू झालेल्या कामाला राजवाड्याएवढी इमारत मिळाली. ब्रिटिश नागरिकत्वही मिळाले. या परक्याला आता घर मिळाले, असे वाटावे, अशी ती वेळ होती.

मुल्कोवालची बाटली

१९०२ साली पंजाबात प्लेग भडकला आणि लशीची मागणी अतोनात वाढली. ३० ऑक्टोबर रोजी मुल्कोवाल या गावात १०७ जणांना टोचण्यात आले. आठवड्याभरात त्यांतल्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही जण मेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. त्याच दिवशी दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्या बाकीच्या माणसांना काहीच झाले नव्हते.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. मागणी पुरी करण्यासाठी हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक आम्ल घालण्याची जुनी पद्धत सोडून केवळ उष्णतेवर भर दिला होता. पाश्चर संस्थेत ती रीत मान्य होती. चौकशी मंडळाने मात्र बोट त्यावरच ठेवले आणि बाटली परळलाच दूषित झाली असावी असा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना काम सोडावे लागले. १९०४ मध्ये ते पगाराविना आणि पदाविना लंडनला गेले. दहा वर्षे ज्या सरकारसाठी राबले, त्याने निर्दोषपणा सिद्ध करण्याचे ओझेही त्यांच्याच माथी ठेवले.

कागद नीट वाचले तर गोष्ट वेगळी होती. ती बाटली परळला भरून एकेचाळीस दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू तितके दिवस बंद बाटलीत वाढले असते, तर बूच काढताच दुर्गंधी सुटली असती. उघडणाऱ्या डॉक्टराला तसा वास आला नव्हता. उलट गावात बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरता निर्जंतुक न करता, नुसता औषधी पाण्यात खळबळून पुन्हा वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा तपासला आणि दोष गावात बाटली उघडतानाचा असल्याचे मत दिले. तरीही सरकार हलत नव्हते. अखेर हिवतापाचा छडा लावणारे सर रोनाल्ड रॉस यांनी लेखणी उचलली. १९०७ च्या जुलैत लंडनच्या टाइम्समध्ये रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी पत्र लिहून हाफकिन यांच्यावरचा डाग धुऊन काढला. वर्ष संपण्यापूर्वी सरकारनेही त्यांना दोषमुक्त केले.

या प्रकरणाला त्या काळी कित्येकांनी फ्रान्समधल्या ड्रायफस खटल्याची उपमा दिली. दोघेही ज्यू आणि दोघांनाही पुरावा नीट न पाहता दोषी ठरवले गेले. हाफकिन हे इंग्रज वैद्यकखात्यातले असते तर निकाल इतका झटपट लागला असता का, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

शेवटचा मुक्काम

निर्दोष ठरल्यावर त्यांना मुंबई हवी होती. परळची जागा रिकामी नव्हती. त्यांचेच जुने सहकारी बॅनरमन तेथे प्रमुख झाले होते. हाफकिन यांना कलकत्त्यास प्रयोगशाळेचे प्रमुखपद मिळाले, पण माणसांवर नव्या लशी तपासण्याची मोकळीक मिळाली नाही. मेलेल्या जंतूंची पटकीची लस करण्याची त्यांची योजना कागदावरच राहिली. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या त्या माणसाने पुन्हा एकदा खालची पायरी पत्करली आणि मिळेल ते संशोधन करीत काळ काढला. पहिले महायुद्ध पेटले त्या दिवसांत ते निवृत्त होऊन युरोपला गेले.

उरलेली वर्षे फ्रान्समध्ये आणि मग स्वित्झर्लंडमध्ये गेली. लग्न त्यांनी केले नव्हते. तरुणपणी ज्या धर्माचे नाव नोकरीसाठी सोडायचे नाकारले, त्याच्या आचारविचाराकडे ते उतारवयात अधिकाधिक वळले आणि पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी त्यांनी आपली शिल्लक दिली. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. तोवर तेथून प्लेगच्या लशीच्या सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. नामकरणाची वार्ता पोचल्यावर त्यांनी कृतज्ञतेने उत्तर पाठवले आणि आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे मुंबईच्या त्या कामात गेली असे कळवले. कडवटपणाचा एक शब्दही त्यात नव्हता. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

शास्त्र पुढे गेले आहे. प्लेग उंदरांच्या पिसवांतून माणसाकडे येतो हे १८९८ मध्ये सिमाँ यांनी कराचीत दाखवले आणि १९४० नंतरच्या प्रतिजैविक औषधांनी त्याची धास्तीच ओसरली. हाफकिन यांची लस पूर्ण रक्षण करीत नसे, तिचा गुण काही महिनेच टिके आणि ताप हटकून येई. हे सारे खरे. पण हाती दुसरे काहीच नव्हते त्या वर्षांत तिने लाखो घरांचे कर्ते पुरुष आणि लेकुरवाळ्या बाया राखल्या.

आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज असेच लेखणी, तलवार, पोथी किंवा तंबोरा घेऊन परमुलखात आले आणि त्याच विद्येवर येथे स्थिरावले. त्यांना निदान आपल्या भाषेचे धनी, आपले सणवार आणि आपले आळीकरी लाभले. हाफकिन यांना यांतले काहीच लाभले नाही. ज्या ज्या मुलखात ते गेले, तेथे त्यांच्यावर आधी संशय आला, मग काम आले आणि मान फार उशिरा आला. तरी प्रत्येक ठिकाणी त्यांनी लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि मगच दुसऱ्यापुढे हात केला. ज्याला देश नव्हता, त्याची सत्यता पटवायला दुसरे जामीन तरी कोण होते! परळची ती संस्था आजही त्यांचे नाव धारण करून उभी आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी प्लेगच्या सालची गोष्ट पुन्हा काढली, तर त्या गोष्टीत हे नावही घालावे.